मुखकर्करोग आणि सूक्ष्म आरएनए

मुखकर्करोग डोळ्यांना दिसू शकणाऱ्या जागी उद्भवतो. तरीही तो पुष्कळदा उशिरा ओळखला जातो. बीड जिल्ह्यात या विलंबास एक विशेष कारण आहे. येथील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि गळीत हंगाम संपल्यावरच परततात. चुना लावलेली तंबाखू, मिसरी, सुपारी यांची सवय मात्र बाराही महिने चालू राहते. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, तरी तंबाखू व सुपारी ही दोन्ही कर्करोगकारक द्रव्ये प्रचारात आहेतच. अशा रुग्णावर दीर्घकाळ लक्ष कसे ठेवावयाचे, या प्रश्नाच्या संदर्भात सूक्ष्म आरएनएचे संशोधन विचारात घेण्याजोगे आहे.

जनुकातील मजकुराची आरएनएरूप प्रत निघणे यास प्रतिलेखन म्हणतात. त्या प्रतीवरून प्रथिन घडणे हे भाषांतरण होय. सूक्ष्म आरएनए हा सुमारे २२ घटकांचा आखूड धागा असून त्यापासून प्रथिन बनत नाही. तो संदेशवाहक आरएनएशी अंशतः जुळतो आणि त्याचे भाषांतरण रोखतो, किंवा ती प्रतच नष्ट होण्यास कारण होतो. व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकुन यांनी १९९३ साली एका सूक्ष्म कृमीत याचा शोध लावला. त्याबद्दल २०२४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

मुखकर्करोगात हे नियमन बिघडते. एमआयआर-२१ चे प्रमाण वाढते आणि पेशींच्या वाढीस आवर घालणाऱ्या पीटेन व पीडीसीडी-४ या प्रथिनांची निर्मिती मंदावते. उलटपक्षी एमआयआर-३७५ घटते आणि त्याने दाबून ठेविलेले संदेश मोकळे होतात. पेशी अनावर वाढतात व शेजारच्या ऊतींत शिरतात.

हे रेणू लाळेत व रक्तात बऱ्यापैकी टिकून राहतात. रुग्णांच्या लाळेत एमआयआर-१२५ए व एमआयआर-२००ए कमी असल्याचे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. एमआयआर-३१ रक्तद्रवात वाढलेले आढळले आणि अर्बुद काढल्यावर ते उतरले. म्हणजे लाळ अथवा रक्त पुनःपुन्हा तपासून रोग परतत आहे काय, याचा मागोवा घेणे तत्त्वतः शक्य आहे. स्थलांतरापूर्वी व परतल्यावर घेतलेल्या नमुन्यांची तुलना हा त्याचाच एक संभाव्य उपयोग होय.

तथापि एमआयआर-२१ इतर अनेक कर्करोगांतही वाढते; साधा दाहदेखील अशी प्रमाणे बदलू शकतो, आणि मोजणीच्या पद्धतीही सर्वत्र सारख्या नाहीत. वाक्यातून सुटा काढलेला शब्द जसा निश्चित अर्थ देत नाही, तसाच एकटा रेणू निदान करीत नाही. निदानाचा आधार आजही ऊतक-परीक्षा हाच आहे. म्हणून तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा तांबडा चट्टा, अथवा तोंड उघडण्यास होणारा अडथळा ही लक्षणे दिसताच कामगाराने फडावर जाण्यापूर्वी तपासणी करून घेणे अवश्य आहे. अंबाजोगाई येथे जिल्ह्यातच वैद्यकीय महाविद्यालय आहे. सूक्ष्म आरएनएची चाचणी उद्या प्रचारात आली तरी तिने या तपासणीस पूरक व्हावयाचे आहे. तिची जागा घ्यावयाची नाही.