वळणरस्ता हाही रस्ताच

कामासाठी तात्पुरता बंद केलेला ग्रामीण रस्ता अभियंत्याच्या नकाशावर काही मीटरांचा खंड म्हणून दिसतो. पण ज्या गावाला बारमाही असा एकच रस्ता आहे, त्या गावाच्या दृष्टीने तो खंड बाजार, शाळा, दवाखाना आणि धान खरेदी केंद्र या साऱ्यांच्या आड येतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, आठ तालुक्यांच्या गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न विशेष तीव्र होतो, कारण वैनगंगा, बाघ, चुलबंद, गाढवी व पांगोली या नद्या, त्यांना मिळणारे नाले, माजी मालगुजारी तलाव, लहानमोठ्या बोड्या आणि नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल यांतून वाट काढणाऱ्या रस्त्याला जवळचा दुसरा पर्याय अनेकदा नसतो. अशा प्रदेशात रस्ता किती दिवस बंद राहिला याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व त्या दिवसांत गावाला कोणता मार्ग दिला गेला याला आहे.

रस्ता कोणाच्या ताब्यात आहे हे समजल्याशिवाय तो कोण आणि कसा बंद करतो हे उमगत नाही. देशातील मुख्य अभियंत्यांची जी परिषद १९४३ मध्ये विदर्भातच, नागपूर येथे, भरली होती, तिने आखलेल्या ‘नागपूर योजने’तून रस्त्यांची आजची उतरंड आली: राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्राम मार्ग. राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सामान्यतः सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्राम मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतील कामांची यंत्रणा आणखी वेगळी असते. त्यामुळे एकाच गावाच्या वाटेवर तीन कार्यालयांची हद्द लागू शकते आणि तक्रार नेमकी कोणाकडे न्यावी, हा गावकऱ्यांपुढचा पहिला अडसर ठरतो.

बंदीचा कायदेशीर आधार मुख्यतः मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ मध्ये आहे. सार्वजनिक सुरक्षितता व सोय यांसाठी, अथवा रस्त्याचे किंवा पुलाचे स्वरूप पाहता आवश्यक असेल तर, एखाद्या मार्गावर सर्व किंवा विशिष्ट वाहनांना मनाई करण्याचा अधिकार या कलमाने राज्य शासनाला व त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला दिला असून, जिल्ह्यात असे आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडून निघतात. मनाईची सूचना राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते; मात्र ती एका महिन्याहून अधिक काळ चालणार नसेल तर राजपत्राची गरज नसते, परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी पुरेशी मानली जाते. ग्रामीण रस्त्यांच्या बाबतीत या ‘स्थानिक प्रसिद्धी’ला फार मोल आहे, कारण गावात पोहोचणारी सूचना म्हणजे ग्रामपंचायतीचा फलक, दवंडी, आठवडी बाजारातील घोषणा आणि आता गावाचा व्हॉट्सॲप गट; जिल्ह्याच्या ठिकाणी फाइलला लागलेला आदेश टोल्यावरच्या, म्हणजे वाडीवरच्या, माणसापर्यंत आपोआप जात नाही. इंग्लंडमध्ये १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्याखाली असे तात्पुरते आदेश काढताना स्थानिक वृत्तपत्रात आधी सूचना द्यावी लागते, तीत पर्यायी मार्ग सांगावा लागतो आणि वाहनांच्या रस्त्यावरील बंदीला सर्वसाधारणपणे १८ महिन्यांची कमाल मर्यादा असते. बंदी आणि पर्याय एकाच कागदावर यावेत, हे त्यातील तत्त्व येथेही आदर्श मानण्याजोगे आहे.

एवढ्याशा मोरीसाठी रस्ता आठवडेच्या आठवडे का अडवला जातो, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर काँक्रीटच्या स्वभावात सापडते. मोरी म्हणजे नाल्याचे पाणी रस्त्याखालून नेणारे लहान बांधकाम. तिचा पाया खोदून भिंती उभारल्यावर वरचा स्लॅब ओतला, तरी तो लगेच भार पेलत नाही. पाणी मारत त्याला मुरू द्यावे लागते. भारतीय मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालचे किमान १४ दिवस ठेवावे लागतात, तर काँक्रीटचे अपेक्षित बळ २८ व्या दिवशी मोजले जाते. घाईने वाहतूक सोडली तर नव्या मोरीचे आयुष्य पहिल्याच महिन्यात घटते, म्हणून हा विलंब अपरिहार्य आहे आणि तो गावाला समजावून सांगितला गेला पाहिजे.

रुंद महामार्गावर अर्धा रस्ता चालू ठेवून उरलेल्या अर्ध्यावर काम करता येते, परंतु ग्रामीण रस्त्याचा डांबरी किंवा सिमेंटचा पट्टा बहुधा ३.७५ मीटरच रुंद असतो. त्याचा अर्धा भाग दोन मीटरांहूनही कमी भरतो आणि एसटी बसची रुंदी सुमारे अडीच मीटर असते. हा साधा हिशेब पाहिला की ग्रामीण भागात वळणरस्ता, म्हणजे कामाच्या बाजूने काढलेला तात्पुरता रस्ता, का टाळता येत नाही, ते स्पष्ट होते. नाल्यात सिमेंटच्या पायल्या, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या नळ्या, टाकून त्यांवर मुरूम पसरला की वळणरस्ता तयार झाला असे समजले जाते. पायल्यांची संख्या नाल्याच्या कोरड्या दिवसांतील धारेवरून ठरवली असेल, तर पावसाळ्याचा पहिला जोरदार लोंढा मुरूम वाहून नेतो. बाघ प्रकल्पातील सिरपूर, पुजारीटोला वा कालीसरार येथून पाणी सोडले जाते, तेव्हा धरणाखालच्या नदीकाठावर हा धोका आणखी वाढतो. मग मोरी अर्धवट आणि वळणरस्ता वाहून गेलेला, अशा दुहेरी कोंडीत गाव सापडते.

म्हणून कामाची वेळ धानाच्या वेळापत्रकाशी जोडून पाहावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी चालते, तेव्हा मजुरांची ने-आण आणि खताच्या गाड्या थांबू शकत नाहीत. ऑक्टोबरपासून कापणी व मळणी होऊन धान आधारभूत खरेदी केंद्रांकडे आणि राईस मिलकडे निघतो. इटियाडोहसारख्या प्रकल्पाचे पाणी मिळणाऱ्या भागात उन्हाळी धान मे-जूनमध्ये पुन्हा रस्त्यावर येतो. जंगलाकाठच्या गावांत उन्हाळ्यात आधी मोहफुलांचा आणि नंतर तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडला महाशिवरात्रीला भाविक लोटतात. कंत्राटदाराला हवे असलेले कोरडे महिने आणि गावाच्या हक्काचे वाहतुकीचे महिने असे एकमेकांवर पडतात. यावर उपाय एवढाच की खरिपाचा धान उचलला जाताच नाल्यावरची कामे हाती घ्यावीत आणि डांबरीकरणासारखी, टप्प्याटप्प्याने करता येणारी कामे मागे ठेवावीत. कार्यादेश उन्हाळ्याच्या तोंडाशी निघाला, तर मोरीचा पाया आणि पाऊस यांची गाठ पडणे ठरलेलेच असते.

या उशिराची किंमत अंदाजपत्रकात कोठेही लिहिलेली नसते. गोंदिया किंवा तिरोडा आगाराची बस फाट्यावरूनच परतली की वयोवृद्धांना उरलेले अंतर पायी कापावे लागते. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने शाळेत जाणाऱ्या मुलींचा शाळेचा दिवसच बुडू शकतो. प्रसूतीसाठी निघालेल्या मातेला १०२ किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गावाबाहेर गाठावी लागते. पर्यायी मार्ग दूरच्या गावांतून दिला असेल, तर त्या मार्गावरच्या जुन्या मोऱ्या धानाच्या ट्रकचा भार सोसतील का, हेही आधी तपासले पाहिजे. अन्यथा एक रस्ता सुधारताना दुसरा मोडतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत नियमांची उणीव नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वे कामाच्या जागेचे चार भाग करतात: आगाऊ सूचनेचा पट्टा, वाहने वळवण्याचा पट्टा, प्रत्यक्ष कामाचा पट्टा आणि मूळ मार्गावर परतण्याचा पट्टा. या प्रत्येक भागात फलक, अडथळे व रात्री चमकणाऱ्या खुणा अपेक्षित आहेत, आणि वाहतूक चालू ठेवण्याची तसेच वळणरस्ता टिकवण्याची जबाबदारी करारानुसार कंत्राटदारावर असते. केवळ फलकावर विसंबण्याचा परिणाम १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यातील कुंडमळा येथे दिसला. धोकादायक ठरलेला इंद्रायणीवरील लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळून ४ जणांचा मृत्यू झाला. जो मार्ग बंद आहे तो प्रत्यक्षात बंद दिसला पाहिजे, आणि जो खुला ठेवला आहे तो खरोखर चालण्याजोगा असला पाहिजे.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. काम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेत त्याचा कालावधी सांगावा. बंदीचा फलक खड्ड्यापाशी लावून न थांबता, जेथून वाहन वळू शकते अशा शेवटच्या फाट्यावरही लावावा. त्यावर जबाबदार कार्यालयाचे नाव व दूरध्वनी क्रमांक असावा. एसटी आगार, शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांना तारखा लेखी कळवाव्यात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वळणरस्त्याची तपासणी झाल्याशिवाय जुनी मोरी फोडण्यास परवानगी देऊ नये. या तपासणीला मोठ्या यंत्रांची आवश्यकता नाही: धानाच्या पोत्यांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली चाके न रुतता नाला ओलांडून पलीकडे गेली, की मगच पहिली कुदळ पडावी.