धागा तोडू नये, थांबवावा

मोबाइलमधल्या हजारो फोटोंतून एखादा शोधायला लावला आणि मध्येच ‘रद्द करा’वर बोट टेकवलं, की शोध थांबतो. वापरणाऱ्याला ही साधी गोष्ट वाटते, पण प्रोग्राम लिहिणाऱ्यांची तिथे कसोटी लागते. असं काम बहुधा वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्राममधल्या समांतर धाग्यावर, चालू असतं. हा धागा थांबवायचा कसा?

जावा भाषेत तो बाहेरून तोडायची सोय होती. पण एका खात्यातून रक्कम वजा झाली, दुसऱ्यात जमा व्हायची आहे आणि तेवढ्यात धागा तुटला, तर त्याने माहितीवर लावलेली कुलपं आपोआप उघडतात आणि अर्धवट बदललेली माहिती इतर धाग्यांच्या हाती पडते. त्यामुळे ही सोय वापरू नका, असं जावाने १९९८ मध्येच बजावलं.

सी प्लस प्लस भाषेच्या २०११च्या मानकात थ्रेड आले. त्यांना थांबवण्याची रीत २०२०च्या मानकात आली. ‘स्टॉप सोर्स’ ही वस्तू तयार केली, की मेमरीत एक सामायिक नोंद उघडते : थांबायची विनंती आली आहे की नाही. सोर्सकडून ‘स्टॉप टोकन’ घ्यायचं आणि काम करणाऱ्या थ्रेडला द्यायचं. विनंती करण्याचा अधिकार सोर्सला. टोकनला फक्त ती पाहता येते. दोघांच्या कितीही प्रती काढल्या, तरी नोंद एकच राहते. एकदा केलेली विनंती मागे घेता येत नाही. रद्द करण्याची गरजच नसेल, तर नोंदीविना रिकामा सोर्सही बनवता येतो. मग नोंदीसाठी मेमरी लागत नाही.

‘जेथ्रेड’ हा नवा थ्रेड आपला सोर्स स्वतःच तयार करतो. जेथ्रेडची वस्तू नष्ट होताना थांबायची विनंती करते आणि काम संपेपर्यंत वाट पाहते. जुन्या थ्रेडची वस्तू काम संपण्याची वाट न पाहताच नष्ट झाली, तर अख्खा प्रोग्राम बंद पडू शकतो.

या रचनेत सक्ती नाही. थ्रेडने टोकनकडे पाहिलंच नाही, तर काम चालूच राहील. म्हणून कुठे थांबलं तर काही बिघडणार नाही, ती जागा कोड लिहिणाऱ्याने विचारपूर्वक ठरवावी लागते. ती नीट ठरवली, की फोटो शोधणारा थ्रेड हातातला फोटो पूर्ण तपासतो, उघडलेली फाइल मिटतो, कुलूप सोडतो आणि मगच काम आवरतं घेतो.