चाक जमिनीवर राहावे म्हणून

मोटारीचा विषय निघाला की बोलणे बहुधा इंजिनावर येऊन थांबते. अश्वशक्ती किती, ताशी वेग किती, याचीच उजळणी होते. परंतु इंजिनात निर्माण झालेली सारी शक्ती अखेर रस्त्यापर्यंत पोचते ती चार टायरांच्या चार ठशांतून, आणि त्यांतील एकेक ठसा तळहाताहून फारसा मोठा नसतो. गाडी पळवणे, वळवणे आणि थांबवणे ही तिन्ही कामे या चार तळहातांच्या भरवशावर चालतात. हे तळहात रस्त्यावर टेकलेले ठेवण्याची जबाबदारी स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर, दांडे आणि रबरी बुश यांच्या जोडणीकडे असते. तिलाच सस्पेन्शन म्हणतात.

जुन्या वेगवान गाडीचे सस्पेन्शन सुधारण्याची हौस युरोपात फार दिसते. तिचे उत्तम उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन कंपनीची गोल्फ जीटीआय. १९७५ सालच्या सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम मांडली गेली आणि १९७६ साली विक्रीस आली. मागे वर उघडणारे दार, कुटुंबाला पुरेल एवढी जागा, वजन आठशे किलोंच्या थोडे वर आणि इंजिन ११० अश्वशक्तीचे. ही लहान गाडी ताशी १८२ किलोमीटरपर्यंत धावत असे. आरंभी अशा केवळ ५,००० गाड्या काढण्याचा बेत होता. प्रत्यक्षात पहिल्या पिढीतच साडेचार लाखांहून अधिक निघाल्या. पुढे अशा गाड्यांच्या साऱ्या वर्गालाच ‘हॉट हॅच’ हे नाव पडले. जर्मनीत या पहिल्या पिढीचे उत्पादन १९८३ साली थांबले. म्हणजे आज तिची कोणतीही गाडी चाळिशी ओलांडलेली आहे, आणि चाळीस वर्षांत लोखंडापेक्षा रबर आणि तेल अधिक थकते.

या गाडीची मूळ रचना साधी आहे. पुढील प्रत्येक चाकाशी शॉक ॲब्सॉर्बर खांबासारखा उभा असून स्प्रिंग त्याच्याभोवती बसवलेली असते. खालून एक आडवा दांडा चाकाला जागेवर धरतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ही रचना ओळखली जाते. मागे दोन्ही चाकांचे दांडे एका आडव्या तुळईने जोडलेले असतात. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की ही तुळई पिळली जाते, आणि त्या पिळाचा विरोध गाडीला एका अंगावर कलू देत नाही.

अशी जुनी गाडी हाती आलेल्या मालकाची तक्रार ठरलेली असते. वळणावर गाडी झोकांड्या खाते, ब्रेक दाबताच नाक खाली घालते, खड्ड्यावरून गेल्यावर दोन-तीनदा डोलते. त्यावर त्याला सुचणारा उपायही ठरलेला असतो: स्प्रिंगा कडक बसवाव्यात आणि गाडी चार सेंटिमीटर खाली आणावी. गाडी तशी दिसतेही रुबाबदार. परंतु ही तक्रार स्प्रिंगांविषयी असतेच असे नाही. पुष्कळदा ती शॉक ॲब्सॉर्बरविषयी असते. हा भेद न ओळखता केलेला खर्च म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय.

स्प्रिंग भार पेलते आणि शक्ती साठवते. पण साठवलेली शक्ती ती परतही करते. ती परत आलेली शक्ती जिरवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे. त्याच्या नळीत तेल असते आणि दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून ते तेल बळेच ढकलले जाते. या घर्षणात गतीची उष्णता होते आणि आंदोलन शमते. तेल गळले, झडपा झिजल्या किंवा तेलात हवा मिसळून फेस झाला की हा प्रतिकार नाहीसा होतो. मग उंचवट्यावरून उडालेले चाक रस्त्यावर नुसते थडथडत राहते. जे चाक क्षणभर अधांतरी आहे, त्याला त्या क्षणी ना ब्रेक लागू शकतो, ना वळण घेता येते. हा केवळ सुखासनाचा प्रश्न नव्हे. ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबेल, याचा हा प्रश्न आहे.

आता स्प्रिंगांचा कडकपणा. भाराखाली सुमारे २५ सेंटिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगेवर गाडी सेकंदाला एकदा डोलते. सुमारे ६ सेंटिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगेवर दोनदा. म्हणजे आंदोलनाची गती दुप्पट करावयाची तर स्प्रिंग चौपट कडक लागते. सेकंदाला एक ते दीड आंदोलन माणसाला सोसवते, कारण ते त्याच्या चालीच्या लयीच्या जवळपास असते. याउलट सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी उभी कंपने शरीराला सर्वांत त्रासदायक ठरतात. बैलगाडीतून आणि कमानींच्या टांग्यातून एकाच रस्त्याने प्रवास केलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. शिवाय स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर तिला आवरण्यासाठी शॉक ॲब्सॉर्बरचा जोरही सुमारे १४ टक्के वाढवावा लागतो. नव्या कडक स्प्रिंगेखाली जुना थकलेला शॉक ॲब्सॉर्बर ठेवणे म्हणजे उमद्या घोड्याला जीर्ण लगाम घालणे होय.

गाडी खाली आणण्याचेही असेच आहे. गुरुत्वमध्य खाली येतो हा लाभ खरा. पण मॅकफर्सन रचनेत खालचा दांडा आडवा न राहता चाकाकडे वर चढू लागतो. त्यामुळे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्याहूनही जलद खाली जातो. दोहोंतील अंतर वाढते आणि गाडी कमी कलण्याऐवजी अधिक कलू पाहते. वळणावर भार आलेले बाहेरचे चाक ज्या प्रमाणात उभे राहावयास हवे, तसे ते राहत नाही. वर जाण्यासाठी चाकाजवळ आधीच थोडे अंतर असते. त्यातील चार सेंटिमीटर गेले की जरा मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन रबरी ठोकळ्यावर आदळते. त्या क्षणी स्प्रिंग असून नसल्यासारखी होते. म्हणूनच जाणकार कारागीर रस्त्यावरच्या गाडीसाठी दोन-तीन सेंटिमीटरच्या पुढे सहसा जात नाहीत.

कलणे रोखण्याचा दुसरा उपाय म्हणजे अँटिरोल बार, दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा पिळाचा दांडा. तो गाडीचा तोल सांभाळतो; पण फुकट काहीच देत नाही. टायरवरील भार दुप्पट झाला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून ज्या टोकाचा दांडा जाड, त्या टोकाच्या बाहेरच्या चाकावर अधिक भार जातो आणि त्या जोडीची एकूण पकड घटते. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे नाक वळणात बाहेर जाऊ पाहते. मागे जाड दांडा लावला की ही खोड कमी होते आणि गाडी चटकन वळते. कोरड्या रस्त्यावर याचा आनंद वाटतो. परंतु ओल्या वळणावर चालकाने घाबरून ॲक्सिलरेटरवरील पाय एकदम उचलला, तर तेच मागचे टोक बाहेर सुटू शकते. नवशिक्याला ती गाडी सावरता येईलच असे नाही.

म्हणून सुधारणेचा क्रम महत्त्वाचा. प्रथम टायर पाहावेत. मग बुश, बॉल जॉइंट आणि पुढील खांबांच्या माथ्यावरील रबरी बैठका बदलाव्यात. कारण सैल सांध्यावर बसवलेली महाग वस्तूही सैलच चालते. त्यानंतर चांगले शॉक ॲब्सॉर्बर, नेहमी जोडीने. एवढे झाल्यावर गाडी काही आठवडे चालवून पाहावी. अनेकांना पुढे जाण्याची गरजच उरत नाही. उरलीच, तर माफक कडक स्प्रिंगा, आणि दांड्यांचा विचार सर्वांत शेवटी. पॉलियुरेथेनचे कडक बुश गाडीला नेमकेपणा देतात, पण रस्त्याची थरथरही केबिनमध्ये आणतात.

कामातही दोन पथ्ये आहेत. दाबलेल्या स्प्रिंगेत शेकडो किलोंचा जोर कोंडलेला असतो. योग्य साधनाशिवाय तिला हात लावणे जिवावर बेतू शकते. दुसरे असे, की रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच अखेरचे आवळावेत. गाडी टांगलेली असताना आवळले, तर ती खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. सरतेशेवटी चाकांचे कोन मोजून जुळवावेत; ते चुकले तर नवे टायरही थोड्याच काळात एका कडेने झिजतात.

जर्मनीत अशा बदलानंतर गाडी अधिकृत तपासनिसाला दाखवून, आवश्यक तेथे बदलाची नोंद कागदपत्रांत करून घ्यावी लागते. तीस वर्षांहून जुन्या गाडीला ऐतिहासिक वाहनाचा मान हवा असेल, तर तिचे मूळ रूप बहुतांशी टिकलेले असावे लागते. ही अट जाचक वाटली तरी तिच्यात एक शहाणपण आहे. मूळ अभियंत्यांनी स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर, दांडा आणि टायर एकमेकांना जोखून निवडलेले होते. त्यांतील एकच बदलणारा मनुष्य नकळत चारही बदलत असतो.

जुन्या गाडीची सुधारणा म्हणजे प्रथम तिची गेलेली ताकद तिला परत देणे, आणि मगच तिच्याकडून अधिक मागणे. या कामाचा पुरावा गॅरेजातील रुबाबात मिळत नाही. तो मिळतो पावसाळी संध्याकाळी, खडबडीत वळणावर, अचानक ब्रेक दाबावा लागला आणि चारही चाके रस्ता सोडीनात, तेव्हा.