रजा संपल्यानंतर

आपल्या शाळेतील एखाद्या शिक्षकाचा पाय मोडला, तर पुढे काय होते हे आपण सर्वांनी पाहिलेले असते. काही आठवडे प्लास्टर, मग कुबड्या, मग काठी. ते शाळेत परत येतात तेव्हा मुख्याध्यापक त्यांचे तास तळमजल्यावर लावतात, मुले वह्यांचा गठ्ठा उचलून देतात आणि मैदानावरची कवायत दुसरे कोणीतरी घेते. यासाठी कोणाला वेगळे शिकवावे लागत नाही. प्लास्टरमध्ये राहून स्नायू रोडावलेले असतात, त्यांना पुन्हा ताकद यायला वेळ लागतो, हे प्रत्येकाला ठाऊक असते.

आता समजा, तेच शिक्षक नैराश्याच्या आजाराने चार महिने रजेवर होते. औषधोपचार झाले, डॉक्टरांनी ‘फिट’ असा दाखला दिला आणि सोमवारी ते शाळेच्या फाटकातून आत आले. त्यांना पहिल्या दिवशी किती तास द्यायचे? त्यांच्याशी काय बोलायचे? आणि काय बोलायचे नाही?

हा प्रश्न माझ्या घरात येऊन गेला आहे. माझी मोठी बहीण एका तालुक्याच्या गावी गणित शिकवत असे. बावीस वर्षांची नोकरी झाल्यावर तिला नैराश्याने गाठले. उपचारांनी ती बरी झाली, निदान आम्हा सर्वांना तसे वाटले. शाळेत परतली त्याच दिवशी तिला दहावीच्या बीजगणितासह सहा तास मिळाले, वर दोन बदली तास. मुख्याध्यापकांचा हेतू वाईट नव्हता. “कामात राहा बाई, मन रमेल,” असे ते म्हणाले. शिक्षक-खोलीत मात्र ती शिरली की गप्पा थांबत. एके दिवशी फळ्यावर समीकरण सोडवताना मधल्याच पायरीवर ती अडकली, पुढचे सुचेना. वर्ग हसला. तीन महिन्यांत ताईने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. आजारपणाच्या चार महिन्यांनी जे केले नाही, ते परतल्यानंतरच्या तीन महिन्यांनी केले. असे का झाले, हे समजून घ्यायला मला पुढे बरेच वाचावे लागले.

आजार कसा उतरतो?

नैराश्य म्हणजे केवळ दुःखी असणे नव्हे. या आजारात मनःस्थितीबरोबरच झोप, भूक, हालचालींचा वेग, लक्ष आणि स्मरणशक्ती यांवरही परिणाम होतो. औषधांचा गुण दिसायला साधारणपणे दोन ते सहा आठवडे लागतात. बरे वाटू लागल्यावरही ती किमान सहा महिने चालू ठेवावीत असा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो. म्हणजे कामावर परतलेली व्यक्ती बहुधा औषधे घेतच असते आणि सकाळची सुस्ती, तोंडाला कोरड असे त्यांचे त्रासही सोसत असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सगळी लक्षणे एकदम जात नाहीत. उदासी ओसरते, माणूस हसू-बोलू लागतो, पण लक्ष टिकवणे, दोन-तीन गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरणे, झटपट निर्णय घेणे या क्षमता अनेक रुग्णांमध्ये मागे रेंगाळतात. बाहेरून पाहणाऱ्याला चेहऱ्यावरचे हसू दिसते. आतली ही उणीव दिसत नाही.

ज्या क्षमतेबद्दल आपण बोलत आहोत तिला ‘कार्यकारी स्मृती’ म्हणतात. माहिती क्षणभर मनात धरून तिच्यावर काम करण्याची ही शक्ती आहे. तिच्यावर ताण आला की काय होते, हे वर्गात सहज दाखवता येते.

करून पाहा: पाच अंकांची एक मालिका (उदा. ५, ८, २, ९, ४) दर सेकंदाला एक अंक या गतीने वाचा. विद्यार्थ्यांनी ती पूर्ण ऐकून झाल्यावर उलट क्रमाने लिहायची. अशा पाच मालिका घ्या व चुका मोजा. आता एका विद्यार्थ्याला शेजारी उभे राहून मोठ्याने वर्तमानपत्र वाचायला सांगा आणि नव्या पाच मालिका घ्या. बहुतेकांच्या चुका वाढलेल्या दिसतील. ही आजाराची चाचणी नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे. निरोगी मेंदूचीही या बाबतीत मर्यादा असते, एवढेच यातून कळते.

आता शिकवण्याचे काम डोळ्यांपुढे आणा. फळ्यावरची पायरी, मागच्या बाकावरची कुजबुज, घड्याळाचा काटा आणि खिडकीशी आलेला शिपाई, हे सारे आपण एकाच वेळी सांभाळत असतो. म्हणजे आपला प्रत्येक तास हा वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जात असताना अंक उलटे लिहिण्यासारखा असतो. ताई अडकली ती नेमकी इथे. तिला गणित येत नव्हते असे मुळीच नाही.

मग पूर्ण बरे होईपर्यंत घरीच बसावे का? तसेही नाही. कामामुळे दिवसाला आकार येतो, ठरावीक वेळी उठणे होते, चार माणसे भेटतात. उलट रजा लांबत गेली की परतण्याची धास्ती वाढत जाते. मोडलेल्या पायाचेही तसेच आहे. तो फार दिवस हलवला नाही तर सांधा आखडतो, आणि फार लवकर धावायला लावला तर पुन्हा दुखावतो. दोन्हींच्या मधला रस्ता हवा.

‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मध्ये

आपल्याकडील फिटनेसचा दाखला दोनच उत्तरे जाणतो: फिट किंवा अनफिट. रविवारपर्यंत माणूस शंभर टक्के आजारी असतो आणि सोमवारपासून शंभर टक्के निरोगी. निसर्गात असे फारसे कुठे घडत नाही.

जर्मनीतील एका प्रयोगशाळेत मी काही काळ काम केले. तिथल्या एक तंत्रज्ञ बाई दीर्घ आजारानंतर परतल्या तेव्हा सकाळी येऊन दोन तासांत घरी जात. मला नवल वाटले. चौकशी केल्यावर कळले की तेथे ही रूढ पद्धत आहे आणि तिला बोलीभाषेत ‘हॅम्बुर्ग पद्धत’ म्हणतात. डॉक्टर रुग्णाशी बोलून वेळापत्रक आखतात. उदाहरणार्थ, काही आठवडे रोज दोन तास, मग चार, मग सहा आणि शेवटी पूर्ण वेळ. कर्मचारी आणि मालक या दोघांची संमती लागते. या काळात व्यक्ती कागदोपत्री आजारीच समजली जाते व तिला सहसा आरोग्य विम्यातून आजारपणाचा भत्ता मिळतो. त्यामुळे कमी तास काम केल्याचा बोजा मालकावर पडत नाही. शिवाय २००४ पासून तेथे असाही कायदा आहे की, वर्षभरात एकूण सहा आठवड्यांहून अधिक काळ आजारी असलेल्या कर्मचाऱ्यापुढे मालकाने ‘तुमच्या परतण्यासाठी आपण काय करू शकतो?’ या चर्चेचा प्रस्ताव ठेवलाच पाहिजे. कर्मचाऱ्याने तो स्वीकारावा की नाही हे त्याच्या मर्जीवर असते, आणि आजाराचे नाव सांगण्याचे बंधन त्याच्यावर नसते.

याचा उपयोग किती होतो? वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० साली नैराश्यग्रस्त कर्मचाऱ्यांविषयीचे ४५ प्रयोग एकत्र तपासले. त्यांत बारा हजारांहून अधिक लोक सहभागी होते. औषध किंवा मानसोपचार आणि त्याच्या जोडीला कामात केलेले बदल, असे दोन्ही मिळाले तेव्हा आजारपणाचे दिवस वर्षाला दरडोई सुमारे २५ ने कमी झाले. गुण येतो तो या जोडीला. केवळ कामाच्या बाजूने केलेल्या प्रयत्नांचा असा फायदा दिसला नाही.

प्रशिक्षण कोणाला द्यावे?

मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणाची कल्पना आता जगभर पसरली आहे. ऑस्ट्रेलियात २००० साली बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म या दांपत्याने ‘मानसिक प्रथमोपचार’ हा अभ्यासक्रम सुरू केला. जखमेवर पट्टी बांधायला जसे सामान्य माणसाला शिकवतात, तसेच मानसिक त्रासात असलेल्याशी कसे बोलावे आणि त्याला उपचारांपर्यंत कसे पोहोचवावे, हे त्यात शिकवतात. अशा शिक्षणाने शिकणाऱ्याचे ज्ञान वाढते व गैरसमज घटतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण ज्याला मदत करायची त्याचे आरोग्य त्यामुळे सुधारते का? याविषयी ठामपणे काही सांगण्याइतका पुरावा नाही, असे कॉक्रेनच्या २०२३ च्या आढाव्यात म्हटले आहे. प्रशिक्षण चांगले वाटते म्हणून ते उपयोगी ठरलेच असे मानू नये, हा विज्ञानाचा साधा नियम इथेही लागू पडतो.

यापेक्षा नेमके उत्तर एका वेगळ्या प्रयोगातून मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील अग्निशमन दलात तुकडीप्रमुखांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले गेले. एका गटाला चार तासांचे प्रशिक्षण मिळाले, दुसऱ्याला त्या वेळी मिळाले नाही. नेहमीचे मानसिक आजार कसे ओळखावेत, आजारी सहकाऱ्याशी संभाषण कसे सुरू करावे, तो रजेवर असताना संपर्क कसा ठेवावा, असे विषय त्यात होते. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित प्रमुखांच्या हाताखालील जवानांमध्ये कामाशी निगडित आजारपणाच्या रजेचे प्रमाण सहा महिन्यांत सुमारे १८ टक्क्यांनी घटले. दुसऱ्या गटात ते वाढले. इतर नेहमीच्या आजारपणाच्या रजांमध्ये मात्र दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

इथे प्रशिक्षण मिळाले ते प्रमुखांना आणि रजा घटली ती जवानांची, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाची जोरदार शिफारस आहे. शाळेपुरते बोलायचे तर, जो माणूस वेळापत्रक बनवतो त्याला हे आधी कळले पाहिजे.

आपल्याकडे

२०१५–१६ मध्ये बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या काळात कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. वीस शिक्षकांच्या शाळेला हे प्रमाण लावले तर सरासरीने दोन व्यक्ती होतात. म्हणजे हा प्रश्न कुठल्यातरी दुसऱ्या शाळेचा आहे, असे समजून चालणार नाही.

कायदाही बदलला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. मानसिक आजारावरील उपचारांना शारीरिक आजाराच्या बरोबरीचे स्थान आणि रुग्णाच्या माहितीची गोपनीयता ही त्यातील महत्त्वाची कलमे आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारामुळे येणाऱ्या दिव्यांगत्वाचाही समावेश आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली असे म्हटले की, मानसिक दिव्यांगत्वामुळे घडलेल्या वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई करणे हाही भेदभाव ठरू शकतो.

शाळेत काय करता येईल?

हॅम्बुर्गसारखी सोय आपल्या रजेच्या नियमांत नाही, हे खरे. पण वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या हाती असते, आणि पुढील गोष्टींना वरिष्ठ कार्यालयाची परवानगी लागत नाही.

१. सहकारी रजेवर असताना एकाने, एकदाच का होईना, फोन करावा. “कधी येणार?” हा प्रश्न मात्र विचारू नये.

२. हजर होण्याआधी मुख्याध्यापकांनी दहा मिनिटे भेटावे. ‘बाकीच्यांना काय सांगायचे?’ हे त्या व्यक्तीलाच ठरवू द्यावे.

३. पहिले काही आठवडे बदली तास, वर्गशिक्षकपद आणि दहावीचा वर्ग शक्यतो नको. नेहमीचे, हातखंडा असलेले वर्ग द्यावेत. शक्य असेल तर दोन तासांनंतर एक मोकळा तास ठेवावा.

४. ही सवलत किती दिवसांची, हे आधीच ठरवावे आणि दर आठवड्याला विचारून काम थोडे थोडे वाढवावे. कायमचे बाजूला बसवणे हाही एक प्रकारचा अविश्वासच असतो.

५. “औषधे कशाला घेता, मन खंबीर करा,” हा सल्ला कोणीही देऊ नये. मधुमेह असलेल्याला आपण असे म्हणत नाही.

आणि गरज भासली तर ‘टेलिमानस’ ही शासकीय मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक शिक्षक-खोलीच्या भिंतीवर लावायला काहीच हरकत नाही.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी ताईला वाचून दाखवला. मुख्याध्यापकांविषयीचे एक कडवट वाक्य तिने खोडायला लावले. “त्यांना कोणी सांगितलेच नव्हते गं,” ती म्हणाली. निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी तिने शेजारच्या दोन मुलींना ओसरीवर गणित शिकवायला सुरुवात केली, रोज एक तास. पुढे दोन तास झाले, मग चार. आज तिच्या ओसरीवर संध्याकाळी बसायला जागा नसते. तीच चढती पायरी तिला शाळेत मिळाली असती, तर त्या शाळेतील दहावीच्या अनेक तुकड्यांना त्यांच्या गणिताच्या बाई मिळाल्या असत्या.