विश्लेषण : ख्रिस्ती धर्मविचारात जेरुसलेम दोन का?

डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेने जेरुसलेमला इस्रायलची राजधानी म्हणून मान्यता दिली, तेव्हा तेथील अनेक इव्हँजेलिकल ख्रिस्ती नेत्यांनी जाहीर आनंद व्यक्त केला. जेरुसलेममधील चर्चप्रमुखांनी मात्र असे करू नये म्हणून ट्रम्प यांना आधीच पत्र धाडले होते. दोघांचा धर्मग्रंथ एकच. मग मतभेद इतका टोकाचा का? राजकारण आहेच, पण या ग्रंथात जेरुसलेमही दोन आहेत.

करार कोणता, शहर कोणते?

बायबलच्या दोन भागांना मराठीत ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ म्हणतात. करार म्हणजे देवाने माणसांशी जोडलेले वचनबद्ध नाते. सीनाय पर्वतावर मोशेमार्फत इस्रायली लोकांशी झालेला करार जुना. येशूच्या बलिदानाने झाला तो नवा, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे.

या दोन करारांना दोन शहरे जोडली ती पौलाने. आजच्या तुर्कस्तानातील गलतीकरांना पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या पत्रात तो अब्राहामाच्या घरातील दोन स्त्रियांची कथा रूपक म्हणून वापरतो. यहुदी स्वतःला पत्नी सारेचे वंशज मानत. पौल नेमके उलटे करतो. दासी हागार म्हणजे सीनाय आणि ‘आताचे’ जेरुसलेम. सारा म्हणजे ‘वरचे’, स्वतंत्र जेरुसलेम. त्या वेळी जेरुसलेमचे मंदिर उभे होते. रोमनांनी ते इ. स. ७० मध्ये पाडले. म्हणजे हे विधान उद्ध्वस्त शहराविषयी नव्हते, म्हणूनच ते धक्कादायक.

पौल स्वतः यहुदी होता आणि वाद होता तो यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी की नाही, एवढाच. (स्वर्गातील जेरुसलेमची कल्पना तर यहुद्यांच्या तालमुदातही आहे.) पुढे चर्चने मात्र या रूपकाचा अर्थ ‘देवाने यहुद्यांना टाकले’ असा लावला आणि त्याची किंमत युरोपातील यहुद्यांनी शतकानुशतके मोजली. यहुदी देवाने नाकारलेले आहेत असे मांडू नये, हे कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत स्पष्ट केले.

प्रकटीकरणातील नवे जेरुसलेम

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात माणसे वर जात नाहीत, शहरच खाली उतरते. त्यात मंदिर नाही. देव स्वतःच तेथे राहतो. पायांवर १२ प्रेषितांची नावे असली, तरी १२ वेशींवर इस्रायलच्या १२ वंशांची नावे आहेत. जुने पुसले गेले असे म्हणणाऱ्यांना हा तपशील अडचणीचा ठरतो.

४१० मध्ये रोम लुटले गेल्यावर ऑगस्टिनने देवाचे नगर कोणत्याही राजधानीशी एकरूप नसते, असा विस्तृत युक्तिवाद केला. तरी १०९९ मध्ये क्रुसेडरांनी पृथ्वीवरचेच जेरुसलेम तलवारीने घेतले आणि तेथील मुस्लीम व यहुद्यांची कत्तल केली.

आजचा वाद

भूमीची वचने येशूमध्ये पूर्ण झाली, असे करारवादी रिफॉर्म्ड परंपरेतील अनेकजण मानतात. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बीने मांडलेल्या विचारात इस्रायल आणि चर्च वेगळे. त्यामुळे भूमीचे वचन अजून लागू. २०१७ चा आनंद बराचसा याच दुसऱ्या वाचनातून आला. जेरुसलेमपासून जेमतेम दहा किलोमीटरवरील बेथलेहेमच्या पॅलेस्टिनी ख्रिश्चनांना ईस्टरला त्या शहरात जायचे, तर इस्रायली लष्करी प्रशासनाचा परवाना लागतो.