पडद्यावरची गाय

सकाळी 6:30
माघातली थंडी. अंगणवाडी सेविका असलेल्या ताईंच्या घरी चुलीवर पाणी तापतंय. सासर मराठी, मराठा सुभेदार नारोशंकरांच्या काळात झाशीत स्थिरावलेल्यांपैकी. घरात मराठी, ओटा उतरला की बुंदेली. डबा भरता भरता ताई मोबाइलवर आजची चित्रफीत दोनदा बघून घेतात. आधी स्वतः बघितल्याशिवाय मुलांना काहीच दाखवत नाहीत.

8:40
शेअर ऑटो. शहराबाहेरच्या गावापर्यंत जाऊन-येऊन 40 रुपये. वाटेत अंगणवाडीतल्या टीव्हीच्या रिमोटसाठी दोन सेल घेतले, 20 रुपये. हे पैसे कुणी भरून देत नाही. अंगणवाडी सेविकेच्या मानधनातला केंद्राचा आकडा ऑक्टोबर 2018 पासून 4500 वर थांबलाय, मदतनिसाचा 2250 वर. वर राज्य देतं ते वेगळं.

9:20
कुलूप उघडलं. मदतनीस भाभी झाडू मारतात, ताई चटया अंथरतात. भिंतीवरच्या टीव्हीवर जुनी ओढणी टाकलेली असते, धूळ बसू नये म्हणून. देशातल्या दोन लाख अंगणवाड्या ‘सक्षम’ करायच्या योजनेत एलईडी पडदा आहे, पाण्याचं शुद्धीकरण यंत्र आहे, परसबाग आहे. इथे पडदा आलाय. वीज मात्र आत्ता नाही.

9:50
तीन ते सहा वर्षांची मुलं एकेक करून येतात. नाकं पुसणं, स्वेटरची बटणं लावणं, हजेरी मोबाइलवर भरणं. वीज येईपर्यंत चित्रकार्डं.

10:35
वीज आली. पेन ड्राइव्ह लागला. हिरवंगार कुरण, गळ्यात घंटा, हसरी गाय. मागच्या रांगेतला पोरगा उठून उभा राहिला आणि ओरडला, ‘‘अन्ना है! भगाओ!’’ लगेच सगळी मुलं, ‘‘भगाओ! भगाओ!’’

बुंदेलखंडात भाकड जनावरं मोकळी सोडतात. त्यांना अन्ना म्हणतात. सध्या गहू, वाटाणा शेतात उभा आहे. या पोराचा बाप रात्रभर मचाणावर बसतो, बॅटरी आणि काठी घेऊन.

ताईंनी चित्र थांबवलं. रागावल्या नाहीत. ‘‘तुम्हाई गइया का खात?’’ उत्तरांचा पाऊस पडला: भुसा, रोटी, आमचा गहू, पन्नी. पन्नी म्हणजे प्लास्टिकची पिशवी. ताई पडद्यावरच्या गवताकडे बोट दाखवतात, मग दाराबाहेर. मला या सगळ्या यंत्रात थांबवायचं बटण फार मोलाचं वाटतं. या वयाचं मूल नुसतं बघूनही शिकतं, पण शेजारी कुणी बोललं तर जास्त.

2006 साली आलेल्या ‘गली गली सिम सिम’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात बूंबा नावाचा सिंह होता. ताईंचा मुलगा त्याच्यावरच वाढला. तेव्हाही त्या शेजारी बसून बोलत, म्हणतात.

10:55
हत्ती आला. चीत्कार मोठा होता, एक मुलगी ताईंच्या पदरात शिरली. ताईंनी आवाज बंद केला आणि नाकाजवळ हात धरून स्वतःच हळू चीत्कारल्या. मुलगी हसली, मग तिनेही हात लावला. टीव्ही बंद. वीस मिनिटं पुरे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला तासाभराची मर्यादा सांगितली, पण घरी मोबाइल असतोच, तोही ताई हिशेबात धरतात.

11:50
शाळेच्या स्वयंपाकघरातून गरम खिचडी आली. एकाने दोन घास पिशवीत टाकले, गाईसाठी. भाभींनी पिशवी काढून घेतली, घास पानावर ठेवून दिले.

दुपारी 1:30
मुलं गेली. घरी न्यायच्या शिध्यासाठी आया आल्या. ॲपमध्ये चेहरा जुळला की पाकीट. एका बाईचा जुळेना. घुंगट मागे, उजेडाकडे तोंड, पाचव्यांदा जमलं. या कामात तास गेला.

2:45
ताई टीव्हीवर ओढणी टाकतात. उद्या बकरी. शेजारची म्हातारी म्हणाली, दहाला आणून दाराशी बांधीन, पण दाणा तुम्ही द्यायचा. ताईंनी वीस रुपये तिच्या हातावर ठेवले आणि ऑटो पकडला.