ग्वाल्हेरचे खडक आणि तरुण सूर्य

दूरच्या एखाद्या ताऱ्याभोवती जीवसृष्टीस योग्य असा ग्रह सापडल्याची वार्ता आली, की त्याचे ताऱ्यापासूनचे अंतर प्रथम पाहिले जाते. परंतु अंतर योग्य असले म्हणजे भागले असे नव्हे. कारण तारा स्वतःच वयाबरोबर बदलत असतो.

आपला सूर्यच पाहा. त्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे. त्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होते, गाभा अधिकाधिक दाट व तप्त होत जातो आणि सूर्याचे तेज वाढते. आरंभी ते आजच्या सुमारे ७० टक्केच होते. अशा मंद सूर्याखाली समुद्र गोठून राहावयास हवे होते. ते तसे राहिले नाहीत, याची साक्ष आम्हा दौलतगंजकरांच्या परिसरातच मिळते. भूशास्त्रज्ञ ज्यांना ‘ग्वाल्हेर समूह’ म्हणतात, ते येथील खडक १५० कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यांतील मुरारच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांत चुनखडी व लोहयुक्त पट्टे आढळतात. हा गाळ पाण्यात साचला. आणि त्या काळी सूर्याचे तेज आजच्याहून निदान १० टक्के कमी होते!

मग ऊब कोठून आली? तिचे बरेचसे श्रेय हवेतील कार्बन डायॉक्साइडला दिले जाते. या वायूचे पांघरूण तेव्हा जाड होते. पावसाच्या पाण्यात विरघळून हा वायू खडक झिजवतो आणि अखेर समुद्रतळाशी चुनखडीच्या रूपाने अडकून पडतो. ज्वालामुखी त्यास पुन्हा हवेत सोडतात. उष्णता वाढली की झीज वाढते व पांघरूण विरळ होते. शुक्रावर समुद्र नाहीत. तेथे हा वायू हवेतच राहिला आणि भूपृष्ठ सुमारे ४६० अंश सेल्सिअस तापले.

सर्व ताऱ्यांच्या ग्रहांना एवढा अवधीही लाभत नाही. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा दोन-तीन कोटी वर्षांतच संपतो. याउलट लहान, तांबडे तारे अतिदीर्घायुषी; पण तरुणपणी त्यांच्यावर उसळणाऱ्या ज्वाला जवळच्या ग्रहाचे वातावरण हिरावून नेऊ शकतात.

आपला सूर्य सुमारे ५०० कोटी वर्षांनी फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. परंतु त्याच्या पुष्कळ आधी, सुमारे १०० कोटी वर्षांनी, वाढत्या तेजाने आपले समुद्र आटू लागतील असा अंदाज आहे. तोवर खडकांची ही व्यवस्था चालेल. मात्र तिची चाल लाखो वर्षांची आहे. आपण दोन-अडीचशे वर्षांत कोळसा व तेल जाळून हवेत जो वायू सोडला, तो आवरण्यास ती वेळेवर धावून येणार नाही. ते काम आपलेच आहे.